दहा हजार फुटांखाली

कोचीहून निघालो तेव्हा बोलणं होतं:
कॅप्टन कुरियनांच्या मुलीची बारावी,
माझ्या डब्यातले गरे आणि त्यांचा कॉकपिटभर वास.
रत्नागिरी मागे पडली तसे शब्द कमी झाले,
जयगडच्या आसपास कुठेतरी
हेडफोन भरायला लागला.

एका वाहिनीवर चौदा जण.
एकाने बोलायचं, तेरा जणांनी थांबायचं;
दोघं एकदम बोलले तर नुसती किंचाळी,
कुणाचंच काही नाही.
मुंबईला मायक्रोफोनवर एक बाई, सर्दी झालेली.
बटण सोडून शिंकत असावी.
ते ऐकू येत नाही, फक्त एक फट पडते
आणि फटीत तिघं घुसतात.

मी पावसे, हर्णैची.
एवढं मला कुणी शिकवायला लागलं नाही.
वाळूत लिलाव लागायचा संध्याकाळचा,
बैलगाड्या कमरेएवढ्या पाण्यातून पापलेट ओढत यायच्या,
दोनशे माणसं दराने आणि शिव्यांनी ओरडायची,
आणि आई पाठमोरी बर्फ फोडत असली तरी
तिच्या पाटीचा आकडा निघाला की मान वळायची.
बाकीचा गलका तिच्यावरून निथळून जायचा,
ताडपत्रीवरून पाणी जावं तसा.

"चार-एक-सात, होल्ड करा. अंदाजे पंचवीस मिनिटं."
तेरा हजार फूट. समुद्रावर लांबट फेऱ्या.
आमच्या खाली दोन, वर एक,
एकावर एक ठेवलेल्या परातींसारखे.
मी इंधन मोजते, आधी किलोंत, मग मिनिटांत,
मग अहमदाबादला पळावं लागलं तर, त्यात.
कॅप्टन प्रवाशांना सांगतात. आवाज गोड, डोळे लाल,
पहाटे साडेतीनपासूनचे.

दुसऱ्या वळणावर पंख झुकला
आणि खिडकीत सुवर्णदुर्ग.
नखाएवढा.
त्याच्या अलीकडे-पलीकडे ठिपके, म्हणजे होड्या,
म्हणजे त्यातली एक
तोंडाशी आलं, सर, ते बघा, ते आमचं

"चार-सात-एक, आठ हजारवर या."

कॅप्टनांचा हात उंचीच्या बटणावर.
तेरा. बारा. अकरा. आकडे फिरले.
"सर, आपल्याला नाही. चार-सात-एकला."
इंग्रजीत बोलले. घाबरले मराठीत.

बटण दाबून विचारलं.
"चार-एक-सात, नाही, नाही. तेरा हजारवरच राहा."
सर्दीखेरीज त्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी होतं.
कॅप्टनांनी आकडे परत चढवले.
बरोबर हजार फूट खाली, बारावर,
कुणीतरी आपल्या फेरीत कॉफी पीत होतं.
खिडकीतून हर्णै गेलेलं.

मग सगळं एकदम: वळा, उतरा,
वेग दोनशे दहा, एकशे ऐंशी, पुढच्याला बघा,
वाहिनी बदला, नवा आवाज, फ्लॅप, चाकं.
दहा हजारांखाली कामाशिवाय बोलायचं नाही, नियम आहे.
बाबा तांडेल. खाडीच्या तोंडाशी होडी आली
की खलाशांना विडीसुद्धा पेटवू द्यायचे नाहीत.
एकाने दोरी सोडून पाणी मापायचं, "दोन वाव!"
आणि सुकाणूवरून त्यांनी परत म्हणायचं, "दोन वाव."
लहानपणी वाटायचं, ऐकू कमी येतं यांना.

टेकलो. पावणेसात.
इंजिनं बंद झाल्यावर कॅप्टन बराच वेळ
उंचीच्या बटणाकडे बघत बसले.
"गरे आहेत का अजून?" म्हणाले.
होते तीन.

रात्री बाबांचा फोन.
"सांजच्याला येक इमान लय येळ घिरट्या घालीत व्हतं.
तूच का गो?"
असेन, म्हटलं. चौघं होतो.
"मला येकच दिसलं."

उद्या भरती किती वाजता, विचारलं मी.
"चार वाजून धा मिंटं."
चार वाजून दहा, मी म्हटलं.